कुंकू लावलेला डेक

मोताळा, रविवार

चि. शेखर यास,

रेणुकाताईचे आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, माझे गुडघे सोडून. तुझी साखर किती आहे ते कळव. (खरी.)

तू पुण्याहून पाठवलेला कॅसेट डेक स्पीकरांसह सुखरूप पोचला. आभार मानायची आपल्या घरात पद्धत नाही, तरी मानते. सोयाबीनच्या भरल्या कट्ट्यासारखा जड, पण बटण दाबलं की झाकण इतकं अदबीने उघडतं, की अशी शिस्त मला घरातल्या एकाही माणसाला लावता आली नाही. आईच्या ओव्यांची ती एकुलती एक कॅसेट आठवते ना? नोकरी लागल्यावर पहिल्या सुट्टीत आलास, तिच्यासमोर टेप ठेवलास आणि बटण दाबून मित्रांकडे पळालास. जुन्या टेपवर नुसतं जातंच ऐकू यायचं. आई कुठेतरी पिठाखाली.

तर शेजारच्या अन्नपूर्णाबाई यंत्र पाहायला आल्या. मी चहा टाकायला आत गेले तेवढ्यात त्यांनी नव्या वस्तूची पूजा उरकली. डेकला हळदकुंकू लावलं, इथवर हरकत नाही. पण शेजारी ठेवलेल्या कॅसेटलाही लावलं, आणि तेही नेमकं फीत उघडी असते तिथे, कारण तोंड तेच दिसलं म्हणे. मी बटण दाबलं. आई दोन ओळी गायली आणि तिचा आवाज गोधडीत शिरला.

मी पुष्कळ बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, ‘काऊन वो बाई, ट्रॅक्टरले लावतो तं तो चालते, मंग ह्याले काय झालं?’ (मी बी.एस्सी. आहे. पेन्सिल शोधायला उठले.)

ही फीत गेली असती तर आईचा आवाज गेला असता. पेन्सिल घालून फीत थोडी थोडी बाहेर काढली, पुसली, डेकचं हेड स्पिरिटने साफ केलं. कापूस अन्नपूर्णाबाईंनीच आणला, वातींसाठी सरकी काढून ठेवलेला. दुपारभर त्या फीत धरून बसल्या, चहालाही उठल्या नाहीत. त्यांच्या हिशेबी हे फार मोठं प्रायश्चित्त.

संध्याकाळी पुन्हा लावली. शेखर, आई स्वच्छ आली. तिच्या बांगड्या वेगळ्या ऐकू आल्या, जात्याचा खुंटा वेगळा. आणि दुसऱ्या ओवीनंतर मागे कोणीतरी खोकलं. नाना! वडिलांचा आवाज कुठेच उरला नाही असं आपण धरून चाललो होतो. ते विचारतात, ‘शेखर जेवला काय?’ जातं थांबतं. आई म्हणते, ‘जेवला. तुमी बसा आता.’ जातं पुन्हा सुरू. जो माणूस आपल्याशी फक्त मार्कांविषयी बोलला, तो आपल्या पाठीमागे हे विचारत होता, आणि हे कळायला तुझा डेक लागला. अन्नपूर्णाबाई डोळे पुसत म्हणाल्या, ‘पाहा, पूजा लागू पडली.’

तुझे फार उपकार झाले. गोळ्या वेळेवर घे.

तुझी,
रेणुकाताई

ता. क. दिवाळीनंतर डेक परत पाठव, मित्र मागतो आहे, असं तू लिहिलं होतंस. मित्राला दुसरा शोधायला सांग.

आणखी ता. क. मोबाईलवर पाठव म्हणू नकोस. इथे येऊन ऐक, आणि जेवायलाच ये.

शेवटचा ता. क. कॅसेटच्या दोन्ही बाजू ऐकल्या. रेणुका जेवली काय, असं नानांनी कुठेच विचारलेलं नाही. (मी तेव्हा चुलीपुढे भाकरी थापत असणार.) तेव्हा नानांचा प्रश्न तुझा, डेक माझा.