निळा सोडून कोणताही

दिनांक : १२ नोव्हेंबर २००६

प्रति,
मा. उपनिबंधक,
सहकारी संस्था, पुणे शहर

विषय : घराला बाहेरून निळा रंग देताना होत असलेल्या अडवणुकीबाबत.
संदर्भ : संस्थेच्या अध्यक्षांची तोंडी सूचना (लेखी मागितली, मिळाली नाही).

महोदय,

मी टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले असून येरवडा येथील चैत्रगंध रो-हाऊस संस्थेत कन्या पूर्वा हिच्यासह राहते. ती हिंजवडीस नोकरीला आहे. माझी नोकरी सरकारी वसाहतींच्या पिवळ्या भिंतींत गेली. घराचा बाहेरचा रंग स्वतः निवडण्याची ही पहिलीच वेळ.

१. पावसाळा संपल्यावर रंगारी बद्रीनाथ यांनी दर्शनी भिंतीवर निळ्याच्या तीन छटा नमुन्यादाखल लावल्या. त्याच संध्याकाळी अध्यक्ष श्री. श्यामसुंदर शेटे आमच्याकडे आले. आम्ही येथे राहायला आल्यापासून प्रथमच आले. चहा नको म्हणाले. संस्थेत फिकट रंगांचा नियम असल्याचे त्यांनी सांगितले. त्यांचे स्वतःचे घर पोपटी आहे, हे मी निदर्शनास आणताच म्हणाले, “मग निळा सोडून कोणताही घ्या ना, मॅडम.”

२. तेव्हापासून बद्रीनाथ यांना फाटकावर अडवण्यात येऊ लागले. आधी शिडी लांब म्हणून, नंतर ओळखपत्र नाही म्हणून. शेवटी तर रखवालदाराने डब्याचे झाकण उघडायला लावले. रंग पाहून आत सोडण्याचा हुकूम होता म्हणे.

३. आम्ही भंडाऱ्याला लग्नास गेलो असता तिन्ही नमुन्यांवर क्रीम रंग फासण्यात आला. कोणी, हे मी पाहिलेले नाही, म्हणून नाव लिहीत नाही. संस्थेच्या कार्यालयाला त्याच सुमारास क्रीम रंग लागला, एवढेच नमूद करते.

४. “आई, तुला सगळीकडे तेच दिसतं,” असे पूर्वा म्हणाली. माझाही स्वतःवर विश्वास बसेना. म्हणून शेजारच्या हेमाताईंना विचारले. त्या मनाने चांगल्या आहेत. आवाज खाली आणून म्हणाल्या, “अहो, रंगाचं काही नाही हो. पण निळा म्हटलं की तुम्ही कोण ते रस्त्यावरूनच कळतं. घरांचे भाव पडतील म्हणतात.”

हे मी घरी येऊन पूर्वाला सांगितले. मग तिने तिन्हींतली सर्वांत गडद छटा निवडली.

आज रविवारी तिने रंगाचे डबे स्वतःच्या गाडीतून आत आणले. रखवालदाराने डिकी उघडायला सांगितली, तेव्हा तिने उतरून ती स्वतः उघडली आणि “बघून घ्या,” म्हणाली. त्याने पाहिले व फाटक उघडले.

तरी सर्व घरांना सारखाच लागू असलेला लेखी नियम असल्यास संस्थेने तो दाखवावा, आणि नसल्यास ही अडवणूक थांबवावी, असे आदेश व्हावेत. हा अर्ज परवानगीसाठी नाही. दर्शनी भिंत रंगवून झाली आहे. बद्रीनाथ मागच्या बाजूला आहेत व मी अंगणात खुर्ची टाकून हे लिहीत आहे. भिंत अद्याप ओली आहे. ती वाळेपर्यंत मी येथून उठणार नाही.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
श्रीमती विजयमाला आनंद गजभिये