अलेक्झांडरचं वय

दुबई, एप्रिल १९६८

नूरुद्दीनभाई, सलाम.

तू दोन वर्षांचा असताना देवीच्या साथीत गेलास, त्यामुळे हे पत्र पोस्टात पडणार नाही.

आमचे मॅकरे साहेब स्कॉटलंडचे. ऑफिस सुटल्यावर ते आपल्या घराण्याची वंशावळ जुळवतात, मी टाइप करतो. त्यांच्या पणजोबांनी, म्हणजे अलेक्झांडरने, त्यांना अगदी वैताग आणला होता. चर्चच्या वहीत बाप्तिस्मा १८३२ चा, आणि १८५१ च्या शिरगणतीत वय फक्त सोळा.

"म्हातारा खोटारडा होता!" साहेब म्हणाले.

मी म्हटलं, "सर, पहिला मुलगा मेला असेल. दुसऱ्याला तेच नाव ठेवलं असेल."

त्यांनी चौकशीचं पत्र धाडलं. महिन्याने उत्तर आलं: दुसरा अलेक्झांडर, १८३५.

"तुला कसं कळलं? तुला भाऊ आहेत?"

"एकही नाही, सर. अंदाज केला."

अंदाज कसला! गावच्या दप्तरात तुझा जन्म नोंदलेला आहे. तुझं मरण आणि माझा जन्म नोंदवायला कुणी गेलंच नाही. त्याच दाखल्यावर माझा पासपोर्ट निघाला. गेल्या महिन्यात इथेही शिरगणती झाली, तेव्हा मी तुझीच जन्मतारीख सांगितली. कागदावर आपण दोघे मिळून एक माणूस आहोत.

आईला मात्र कुणी मुलगे किती असं विचारलं, की ती अजून दोन म्हणते. नावं विचारली, की एकच नाव दोनदा घेते.

तुझा धाकटा,
नूरुद्दीन