हायड्रेंजियांवर आलेलं ऊन

९ एप्रिल
शेजारच्या शिंपीकाकांनी कुंपणालगतचं त्यांचं मोठं झाड तोडलं. पार बुंध्यापासून! विचारणं नाही, सांगणं नाही. सासऱ्यांनी लावलेल्या पाच हायड्रेंजिया एकदम उघड्यावर. जन्मभर सावलीत वाढलेली फुलझुडपं — दुपारी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. सासूबाई दवाखान्यात, खुब्याचं ऑपरेशन परवाच झालं. हे म्हणाले, आईला यातलं अक्षर कळता कामा नये. बाबांची तेवढीच खूण उरलीय.

१० एप्रिल
काकांना नाही नाही ते बोलून आले. ते मान खाली घालून शर्टाची काजं करत राहिले. त्यानं डोकं आणखीच फिरलं.

११ एप्रिल
वरची पानं पांढुरकी पडली, कडा करपल्या. कात्री घेऊन बसले, तेवढ्यात बहिणीचा फोन. ती रोपवाटिकेत कामाला. म्हणाली, जळकी पानं राहू दे, तीच खालच्या पानांची छत्री. खत घालू नकोस, झुडपं हलवूही नकोस. सकाळी लवकर मुळाशी भरपूर पाणी, वर वाळका पाला, पश्चिमेला सावलीची जाळी. दुपारी माना टाकल्या तर घाबरू नकोस. संध्याकाळीही उठली नाहीत, तर मात्र घाबर.

१२ एप्रिल
जाळी बांधली. वाऱ्यानं सुटली. परत बांधली. यांच्याशी वाजलं — दोर धरायला हात नाही आणि वर, "वाचतील ना?"

१४ एप्रिल
चार उठली. कोपऱ्यातलं नाही. सासूबाईंनी फोनवर विचारलं, घरी सगळं ठीक ना? हो म्हटलं.

१७ एप्रिल
उद्या सासूबाईंना घरी आणायचं. कोपऱ्यातल्या झुडपाची फांदी नखानं खरवडली — आत हिरवं आहे. धुगधुगी आहे. पण दिसायला नुसत्या काटक्या. सासूबाईंच्या खोलीच्या खिडकीतून झुडपं दिसतात, म्हणून पडदा ओढून ठेवलाय. असा किती दिवस ठेवणार?

१८ एप्रिल
आल्या आल्या सासूबाईंनी पडदा सरकवायला लावला. ऊन थेट पलंगावर. त्यात तळहात धरून बसून राहिल्या. हे औषधं आणायला गेले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "झाड तोडायला शिंप्याला मीच सांगितलं. तुझ्या सासऱ्यांना झुडपांसाठी सावली हवी, म्हणून तीस वर्षं या खोलीत अंधार काढला मी. माझ्या लेकाला सांगू नकोस."