तीन मजली केकची दृष्ट

आये, आज तीन मजली केक घरातच उभा केला. एरवी मी तिन्ही केक वेगवेगळ्या खोक्यांत नेते आणि हॉलवर पोचल्यावरच एकमेकांवर चढवते, कारण आपल्या विचुंबे गावाबाहेर पडलं की रिक्षा कुठल्या खड्ड्यात आदळेल याचा नेम नाही. पण आजचा साखरपुडा आपल्याच सोसायटीच्या हॉलमध्ये, लिफ्टने खाली नेला की झालं. खालच्या केकमध्ये त्याच्याच उंचीच्या नळ्या खोचल्या, म्हणजे वरचा भार स्पंजवर न येता नळ्यांवर येतो. दुसरा ठेवला, तिसरा ठेवला, हात काढून घेतले. आणि तुझी इतकी आठवण आली की ओट्याला टेकून उभीच राहिले.

तू असा उभा केक एकदाच पाहिलास. समोरच्या इमारतीतल्या बाळाचा पहिला वाढदिवस होता. उरणहून तू नुकतीच कायमची माझ्याकडे आली होतीस. जन्मभर मासळी विकलेली बाई, पण माझ्या क्रीमला वास लागेल म्हणून ऑर्डरच्या दिवशी सुका बोंबीलसुद्धा भाजायची नाहीस. मी कधी सांगितलं नव्हतं, तुझं तूच ठरवलं होतंस. त्या दिवशी तू दारातून डोकावतेस, तोंडावर पदर धरतेस. "अगो बाय, एकावर एक तीन! खालचा दबत कसा नाय?" मी नळ्या दाखवते, तू कितीतरी वेळ नुसती बघत राहतेस.

मी साडी बदलायला आत गेले आणि जोराचा ठसका लागला. स्वयंपाकघरात धूरच धूर. मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या केकवरून ओवाळून तू तव्यावर टाकल्या होत्यास. माझं डोकंच फिरलं. "आये, अक्कल आहे का? क्रीम वास धरतं! आता हा कोण खाईल?" खिडक्या उघडत, टॉवेलने वारा घालत मी ओरडत होते. तू तवा हातात धरून उभी. "सोन्यासारका केलास, कोनाची नजर नको लागाया," एवढंच म्हणालीस. मग हळूच, "ठसका आला ना? म्हंजे नजर लागली नाय." त्यावर तर मी आणखीच भडकले.

केक लोकांनी चाटूनपुसून खाल्ला, वासाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. घरी येऊन मी तुला हे हसत हसत सांगितलंसुद्धा. तू हसली नाहीस. त्यानंतर केक असला की तू स्वयंपाकघराच्या दाराशीच थांबायचीस. ये ना आत, म्हटलं की उत्तर ठरलेलं, "नको बाय, मी भायेरच बरी. काय तरी चुकंल माज्याकडून." मी नेहमीच्या घाईत, हात क्रीमने माखलेले. वाटायचं, रुसली आहे, येईल आपोआप. आणि मग तू गेलीसच. आता लोक फोनवर फुलं नि अंगठे पाठवतात, वा वा करतात. पण मी केलेल्या वस्तूला नजर लागेल, अशी धास्ती तुझ्याशिवाय कुणाला वाटली नाही. हात धरून तुला आत आणायला हवं होतं, आये. फार जीव हळहळतो.

आज मी दार लोटून घेतलं. मुठीत मीठ, मोहरी, मिरच्या घेतल्या आणि केकवरून ओवाळायला लागले, तेव्हा लक्षात आलं की तू पुटपुटायचीस ते शब्द मला येतच नाहीत. लहानपणी माझी दृष्ट काढताना कितीदा म्हटले असशील, पण मला आठवतात ते तुझे हलणारे ओठ. विचारायचं राहूनच गेलं. मग नुसतं "आये, आये" म्हणत मूठ फिरवली. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून सांगते. मिरच्या मात्र जाळल्या नाहीत. गिऱ्हाईकाचं क्रीम आहे, धीर झाला नाही.