सात नंबरच्या बाटलीची तब्येत

ती. ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या तब्येतीची काळजी नसावी. ती मी इथे दिवसभर करतोच आहे.

तुझ्या लेकीने मला तिच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लावलं, हे तुला ठाऊक आहेच. (घरी बसून मी कुलूप दहादा ओढून बघतो म्हणून.) आत जाताना अंगठी, किल्ल्या, कमरेचा पट्टा, सगळं बाहेर काढून ठेवायचं, कारण आत लोखंडाचा कणही चालत नाही. त्यामुळे मी एका हाताने पँट धरून दुसऱ्या हाताने बाटल्या धुतो. बाटल्यांत समुद्राचं पाणी, आणि पाण्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती. मी विचारलं, एवढ्याशा जिवांना लोखंड कशाला, दारं बसवायचीत का? तर म्हणाली, "मामा, त्यांनाही ते तुझ्यासारखंच लागतं. उन्हावर स्वतःचं अन्न करतात, त्यासाठी." त्यांत काही अगदी बारके, ते कणभरात भागवतात. दुसरे मोठे, स्वतःभोवती काचेसारखी डबी बांधून राहणारे. त्यांना लोखंड मिळालं नाही की वाढ खुंटते आणि मिळालं की लग्नानंतर दाजी सुटले तसे सुटतात. समुद्राच्या कित्येक भागांत लोखंड तोकडं, म्हणून तिथे बारक्यांचं राज्य. ताई, मी सातवीत शाळा सोडली, पण हे कुणी तेव्हा सांगितलं असतं तर बाकावरून उठलो नसतो.

आता मूळ गोष्ट. सात नंबरची बाटली बिनलोखंडाची. फिक्कट. तिच्याकडे बघितलं की मला माझी पापणी आठवायची, जी खाली ओढून डॉक्टर चुकचुकतात. खिशात त्यांनीच दिलेल्या लोहाच्या गोळ्या होत्या. (अंगठी काढायला लावतात, गोळ्यांचं कोण विचारतं?) मोठे खरंच सुटतात का, एवढंच बघायचं होतं. गोळीचा कोपरा मोडून टाकला. आठवड्यात मोठे असे सुटले की बाटली चहासारखी तपकिरी!

तुझी लेक त्या बाटलीभोवती नाचली. तिला वाटतं, लोखंडावाचून वाढणारे मोठे सापडले. गुरुवारी साहेबमंडळींसमोर तसं सांगणार आहे. सगळ्यांसमोर तिचं हसं होईल गं, आणि तेही माझ्यामुळे. मी कबूल करायला तीनदा तिच्या टेबलापाशी गेलो आणि तिन्ही वेळा "चहा घेणार का?" विचारून परत आलो.

तुझा धाकटा

ता. क. पत्राचं खरं कारण: तू आई आहेस, गुरुवारच्या आत फोन करून तूच सांग. सावकाश सांग. माझं नाव अगदी शेवटी घे.

ता. क. २. पाकीट चिकटवत होतो तोच ती आली. तिने सातचं पाणी तपासलं होतं, लोखंड सापडलं. हात पुढे करून माझ्या गोळ्या मागितल्या. महिनाभराच्या तीस गोळ्यांपैकी एकोणतीस शाबूत, तिसावीला कोपरा नाही. "म्हणजे मामा, तू एकही घेतली नाहीस?" मी मान खाली घातली, पँट वर ओढली. तर गुरुवारचं संकट टळलं, तू फोन करू नकोस. केलासच तर गोळ्यांचं विचारू नकोस. आजपासून तिच्यासमोर घ्यायच्या आहेत, आणि माझ्या कपाटावर तिने चिठ्ठी डकवली आहे: 'बाटली क्रमांक आठ. मोठा गट. वाढ सातवीत खुंटलेली.'