नववा प्रश्न

प्रिय मावशी,

लाल पेन आधी बाजूला ठेव. हे पत्र आहे, प्रूफ नाही. माझ्या ऱ्हस्व-दीर्घाची बोंब तुला माहीतच आहे, आणि शाळा इंग्लिश मीडियमची होती ही सबब तू कधीच चालवून घेतली नाहीस. तरी पूर्ण वाच. आई म्हणाली, तू प्रेसमधलं प्रूफं तपासायचं काम सोडायचं ठरवलंयस, सोमवारी राजीनामा देणार. त्याबद्दलच लिहायचंय. पण मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, तेव्हा आधी माझ्या नोकरीची गोष्ट ऐक.

मी ज्या प्रोजेक्टवर लागलेय ना, तिथे आम्ही एक विचित्रच गोष्ट मोजतो. ताप नाही, वजन नाही. कॅन्सर झालेल्या माणसाला लोक कसं वागवतात, आणि त्यामुळे त्याला स्वतःबद्दल काय वाटायला लागतं, ते मोजायचं. बावीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'कधीच नाही'पासून 'नेहमी'पर्यंत पाच चौकोन. मूळ फॉर्म इंग्लिशमध्ये. मराठीत कोण करणार? मी लगेच हात वर केला! त्यात सगळीकडे 'स्टिग्मा' हा शब्द; त्याला मराठीत काय म्हणतात म्हणून डिक्शनरी उघडली, पहिलाच शब्द: कलंक. झालं. 'आजारामुळे आपणांस कलंकित वाटते का?' मला वाटलं, वा, काय भारी मराठी आहे! तुला दाखवायला हवं होतं. नाही दाखवलं.

मग हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये, निळ्या प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या रांगेत बसून मी चाळीस जणांना तो प्रश्न विचारला. एक आजी म्हणाल्या, अगं बाई, कलंक चंद्राला असतो, मला गाठ आहे. शेजारी बसलेले रिटायर्ड पोस्टमन इतके हसले की नर्सने डोळे वटारले. एक काका तर चिडलेच, मी काय दरोडा घातलाय का म्हणून. चाळीसच्या चाळीस जणांची 'कधीच नाही'वर टिक. मी खूश! आमच्या मॅडमनी कागद पाहिले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, एक तर या गावात सगळे संत राहतात, नाहीतर तुझा प्रश्न कुचकामी आहे. परत जा, आणि या वेळी फॉर्म न घेता जा.

गेले. नुसत्या गप्पा मारल्या. एक सलूनवाले होते, घशाचं ऑपरेशन झालेले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, कलंकबिलंक काही नाही हो, फक्त गिऱ्हाईक हल्ली म्हणतं, आज राहू दे, घाईत आहे, आणि समोरच्या दुकानात जाऊन तासभर पेपर वाचत बसतं. शिवणकाम करणाऱ्या एक ताई होत्या. त्यांच्या जावेने त्यांचा कप वेगळा ठेवलाय, तुझ्याच भल्यासाठी गं, असं म्हणून. आणि तो कप धुतला की स्वतःचे हात दोनदा धुते. हे सगळं चालू होतं, मावशी, आणि माझ्या फॉर्मवर भोपळा!

पण माझा प्रश्न बदलला तो त्या चंद्रवाल्या आजींनी. म्हणाल्या, बाकी सगळं सोसता येतं, पण माझी सून आता माझ्याशी भांडत नाही गं. आधी आमची रोज जुंपायची, मिठावरून, पंख्यावरून. आता मी काहीही बोलले की 'हो आई, बरं आई'. जिवंतपणीच फ्रेममध्ये घातलंय मला. मी ते तिथल्या तिथे लिहून घेतलं. आता आमचा नववा प्रश्न असा आहे: 'घरची माणसं तुमच्याशी पहिल्यासारखी भांडतात का?' त्यावर टिक करून कोणी नुसतं उठून जात नाही, सगळे बोलायला लागतात. आणि ऐक ना, त्या सूनबाईंनी आजींच्या नव्या फॉर्ममध्ये डोकावून तो प्रश्न वाचला होता. या मंगळवारी दोघी कॉरिडॉरमध्ये, फाईल घरी कोण विसरलं यावरून अशा कचाकचा भांडत होत्या की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या.

मावशी, मग नववा प्रश्न मी स्वतःला विचारला. आपण एका 'की'च्या वेलांटीवरून तासभर भांडायचो. तुझ्या ऑपरेशनला आठ महिने झाले, मी एकदाही भांडले नाही. आराम कर, काळजी घे, संपलं. आपल्या घरात अजून 'मावशीचं ते' म्हणतात, तेही आवाज बारीक करून. आणि या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मॅडमनी विचारलं होतं, घरात कुणाला कॅन्सर झालाय का? मी म्हणाले, नाही. विचारसुद्धा केला नाही. पुसूनच टाकलं तुला. काल त्यांच्या केबिनमध्ये जाऊन सांगितलं, माझ्या मावशीला कॅन्सर झालाय, मी खोटं बोलले. त्या एवढंच म्हणाल्या, हे मला काय सांगतेस, तिला सांग. म्हणून हे पत्र. सॉरी, मावशी. खूप सॉरी. आणि आता भांडण. तुम्ही कशाला त्रास घेता, असं गोड बोलून प्रेसवाले जाडी पुस्तकं दुसऱ्यांना देतात, तुझ्याकडे व्हिजिटिंग कार्डं सरकवतात, आणि तू मुकाट्याने घरी बसायला निघालीस? मला हे अजिबात मान्य नाही! तुझे डोळे शाबूत आहेत आणि जीभ तर विचारूच नको. सोमवारी राजीनामा नाही, जाडं पुस्तक माग. नाही दिलं तर ओरड. सवय मोडली असेल तर माझ्यावर प्रॅक्टिस कर. रविवारी सकाळी दहाला मी बावीसच्या बावीस प्रश्न घेऊन येतेय, आणि आधीच सांगून ठेवते, त्यातला एक शब्दही मी तुला बदलू देणार नाही.

तुझीच,
भांडायला आसुसलेली भाची