पूजेचा दोरा

तळवडे,
बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

प्रिय इम्तियाज,

तुला सलाम आणि रामराम दोन्ही. साबियाला आशीर्वाद. लेकीच्या घरची मिरजेची हवा तुझ्या गुडघ्यांना मानवली का? फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. तुझा पुतण्या तौसिफ आज रात्रीच्या गाडीने तिकडे निघतोय. उद्या सकाळी तुझ्या चहाआधी हे पत्र तुझ्या हातात पडावं, असं त्याला बजावलंय.

इकडे सगळं ठीक आहे. इंद्रायणीला पाणी आहे. आमच्या सूनबाईची, कुसुमची, कंबर मधूनमधून धरते आणि सुटते.

परवा चाकणला एका साखरपुड्याला गेलो होतो. आपली शाळा होती तिथे आता गाड्यांचं शोरूम आहे. काचेत माझंच म्हातारं तोंड दिसलं. कांद्याच्या वखारींचा तो वास आठवला, आणि गुरुजी आठवले. कविता म्हणायच्या आधी त्यांचा हुकूम असायचा, "दोन्ही हात बाकावर!" मग त्यांची स्वतःची रचलेली ती कविता:

दोन हात ही दोन पाखरे
उडुनी कामावरती जाती;
दिवस मावळे तेव्हा दोघे
घरट्यामध्ये परतुन येती.

तू मधेच बाकाखालून मला चिमटा काढायचास आणि छडी मलाच बसायची. हसू नकोस. अजून हिशेब बाकी आहे.

माझ्या नातीचं, दिव्याचं काम जोरात आहे. तुझ्याशिवाय हे झालं नसतं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. आठवतं ना, चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, माल तपासायला होती आणि एके दिवशी राजीनामा देऊन घरी आली. कुसुम रडायला लागली. ही म्हणाली, "आई, दुसऱ्यांचे पार्ट नापास करून कंटाळले. आता स्वतःचे पास करीन." तौसिफने कुदळवाडीच्या भंगारातून पत्रा ठोकून पट्ट्या काढायची ती पॉवर प्रेस शोधली. तुझे गुडघे दुखत होते, तरी जमिनीवर बसून तू तिला पुन्हा श्वास दिलास. डायचा साचा तू बसवलास. आणि शेवटी ती दोन बटणं लावलीस, एक डावीकडे, एक उजवीकडे. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय वरचा ठोकळा खाली येणार नाही. दिव्या म्हणाली, "चाचा, एका बटणावर केलं असतं तर हात मोकळा राहिला असता." तू काय म्हणालास आठवतं? "बेटा, मोकळा हातच आत जातो. आमच्या गुरुजींचा नियम आहे, दोन्ही हात बाकावर." मला त्या दिवशी तुझा फार अभिमान वाटला होता. म्हटलं, कविता अशीही जगते.

आता तिला गाडीच्या सीटखालच्या पट्ट्यांचं मोठं काम मिळालंय. दुसरी प्रेस घ्यायची चाललीय. शेजारचं शेडही बघून ठेवलंय. पट्ट्या वेळेत नाही पोचल्या तर पुढच्या कंपनीची लाइन थांबते, आणि लाइन थांबवणाऱ्याला पुन्हा कोणी दारात उभं करत नाही. त्यांच्या माणसाचा फोन दिवसभर चालू असतो. "मॅडम, मालाची गाडी निघाली का? मॅडम, निघाली का?" पोरीचा डावा कान लाल झालाय.

खंडेनवमीला शेडमध्ये पूजा झाली. मीच केली. प्रेसला हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि नाडाछडीचा दोरा मी माझ्या हातांनी मशिनच्या अंगाला बांधला. कामावरची शालनबाई म्हणाली, "आबा, आता हिला कुणाची दृष्ट न्हाई लागायची." प्रेस चालवणाऱ्या समाधानने पेढे वाटले. फार छान दिवस गेला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी डबा घेऊन शेडमध्ये गेलो तर कुणीतरी तो दोरा सोडून डाव्या बटणावर गुंडाळला होता. घट्ट, वेढ्यावर वेढे देऊन. वर झेंडूचं फूल खोवलेलं. आधी वाटलं, कुणाची तरी भक्ती. मग बघितलं, दोऱ्याखाली पूजेची सुपारी आहे. सुपारीने ते बटण कायमचं आत दाबून धरलं होतं.

तुला वेगळं सांगायला नको. एक बटण दाबलेलंच, म्हणजे उजव्या हाताने मशिन चालते आणि डावा हात आतली पट्टी काढायला मोकळा. काम दुपटीने होतं.

शालनबाईला बाजूला घेतलं. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आबा, आमी काय बोलावं? पूजेचा दोरा हाय तो. आपणहून गळंस्तवर काढत न्हाईत." आणि पट्ट्या मोजायला लागली. तिला सगळं कळत होतं, इम्तियाज. शेडमध्ये सगळ्यांनाच कळत होतं. पण दोरा देवाचा म्हटल्यावर सगळ्यांची सोय झाली होती. नुसती चिकटपट्टी असती तर मीसुद्धा त्याच क्षणी ओरडलो असतो.

समाधानचंच हे काम असणार. पोरगा चपळ आहे आणि घाईचा आहे.

इथवर लिहून थांबलो होतो. कुसुमने चहा आणून ठेवला, तो गार झाला. समाधानचं नाव मी उगाच लिहिलं. समाधान दसऱ्याच्याच संध्याकाळी परभणीला गेला, सोयाबीन काढायला. त्याच्या जागी मशिनवर दिव्या बसते. सुपारी तिनेच घातली. तिचाच डावा हात त्या ठोकळ्याखाली जातो, येतो, जातो, येतो. मी डबा घेऊन जातो आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून राहतो. तिला वाटतं, आबांना करमत नाही म्हणून बसतात. ठोकळा खाली आला की माझे डोळे मिटतात. आवाज आला की उघडतात. मग बोटं बघतो.

मी भित्रा आहे, हे तुला शाळेपासून ठाऊक आहे. पण हे नुसतं भित्रेपण नाही. आपल्या या कारखान्यांच्या भागातल्या लग्नांत मी नेहमी बघतो, अक्षता डाव्या हाताने कोण टाकतंय. उजवा हात खिशात ठेवून जेवणाच्या रांगेत कोण उभं आहे. परवा चाकणच्या साखरपुड्यातही बघितलं. एक पोरगी होती, दिव्याएवढीच. तिने पदर असा घेतला होता की बोटं गेलेला हात दिसू नये. मी न जेवताच घरी आलो.

आज दुपारी दिव्या फोनवर बोलायला बाहेर गेली, तेव्हा मी उठलो. कुसुमची शिवणाची कात्री खिशात घालूनच गेलो होतो. दोरा कापला. शालनबाई बघत होती. तिने हात जोडले, माझ्यासाठी की देवासाठी, कोण जाणे. सुपारी खिशात टाकली आणि खुर्चीत येऊन बसलो. छाती अशी धडधडत होती की वाटलं प्रेसच चालू आहे.

दिव्या आली. उजवं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. मग डावीकडे बघितलं.

"आबा, दोरा कोणी काढला?"

"मी."

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, माझे दोन्ही हात तिच्या हातांत घेतले. तिची दहाही बोटं मला लागली. गरम होती. हळूच म्हणाली, "मला माहितीय तुम्हाला भीती वाटते. पण आबा, नवीन प्रेस येईपर्यंतच. ही गाडी चुकली तर पुढचं काहीच येणार नाही. उद्या गुरुवार, वीज बंद, शेडला सुट्टी. परवा सकाळी तुम्हीच परत बांधा ना. तुमच्या हातचा दोरा असला की बायका काही बोलत नाहीत."

मी म्हटलं, "आणि तुझा हात?"

ती हसली. लहानपणी परवचा म्हणताना हसायची तशी. "माझा हात मला कळतो हो."

आणि मी मान हलवली, इम्तियाज. 'हो' म्हटलं. तिच्या डोळ्यांखाली काळं झालंय. ते बघून मला 'नाही' म्हणताच आलं नाही. आजोबाने नातीला जे कधीच द्यायला नको, ते मी परवा सकाळी माझ्या हातांनी तिला देणार आहे.

म्हणून तू ये. माझं ती ऐकून घेते, तुझं ती मानते. ते मशिन तू उभं केलंयस. एक बटण अडकलेलं असेल तर मशिन चालूच होऊ नये अशी वायरिंग असते, असं तूच एकदा म्हणाला होतास. तेवढं करून दे. मग सुपारी असो, दोरा असो, देव असो, काही चालायचं नाही. गाडी चुकली तर चुकली. तिच्याशी भांडण होईल ते मी सोसेन, तू फक्त पेचकस घेऊन ये. तौसिफ तुला परतीच्या गाडीत बसवून आणेल, त्याच्याशी बोललोय. गुडघ्यांना गाडीत त्रास होईल, माहीत आहे. तरी ये.

शेड शुक्रवारी सकाळी आठला उघडतं. मी आधीच जाऊन दारात बसेन. सुपारी अजून खिशात आहे. लिहिताना सारखा हात तिकडे जातो.

दोन्ही हात बाकावर ठेवून,
तुझी वाट बघणारा

चिमाजी